जिल्ह्याहून जुनी गाडी

आज गाडी लगेच सुरू करायची नाही. चोक ओढायचा नाही, किकला पाय लावायचा नाही. आरएक्स हंड्रेड अंगणात मधल्या स्टँडवर घ्या, शेजारी एक रिकामं पोतं अंथरा आणि तिच्या डाव्या अंगाला खाली बसा. खुर्ची, स्टूल काही नको. जमिनीवर बसलं की इंजिन डोळ्यांच्या उंचीला येतं. मोबाईल घरात राहू द्या. बोअरची मोटर चालू असेल तर ती थांबेपर्यंत तसेच बसून राहा.

दिवाळी होऊन गेलेली आहे, सोयाबीन घरात किंवा बाजारात गेलेलं आहे, हळद अजून जमिनीत आहे. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत, कुठेही असा. या दिवसांतली सकाळ हातांना निवांत सोडते. हात मांडीवर ठेवा. अजून पाना उचलू नका. आधी नुसतं बघायचं आहे.

नंबर प्लेटपासून सुरुवात करा. नव्वदच्या आसपास इथे नोंदलेली गाडी असेल तर तिच्यावर एमएच-२२ आहे, परभणीचा नंबर. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी, एमएच-३८ त्यानंतरचा. आरएक्स हंड्रेडचं उत्पादन तर १९९६ सालीच थांबलं होतं. म्हणजे समोर उभी असलेली ही वस्तू आपल्या जिल्ह्याहून वयाने मोठी आहे. एवढी गोष्ट मनात नीट बसू द्या. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तिची नोंदणी पुन्हा करावी लागते, आणि दर वेळी कुणीतरी ठरवतं की हिला अजून चालवायची आहे. आज ते ठरवणारे तुम्ही आहात.

ही गाडी एवढी जवळची का? स्पोर्ट्स कार आपल्या भागात रस्त्यावर कमी आणि सलूनच्या भिंतीवर जास्त दिसली. गोव्यात सॅन मोटर्सने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची कार केली होती, अंग फायबरचं आणि इंजिन रेनॉचं. ती इकडे कोण आणणार! वेगाची जी ओढ असते ती आपल्याकडे या दुचाकीने भागवली. १९८५ च्या नोव्हेंबरात ती भारतात आली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. शेतातल्या कच्च्या वाटेवरून डांबरी रस्त्याला लागताना दुसऱ्या गिअरमध्ये ती जी झेप घ्यायची, ती ज्यांनी त्या वयात अनुभवली त्यांच्या पाठीच्या कण्यात अजून आहे. ती आठवण येत असेल तर येऊ द्या. पण तिच्यामागे जाऊ नका. त्या दिवसांतली गाडी समोर नाही. समोर आजची गाडी आहे, तिचं आजचं रबर, आजचा गंज, आजची झीज.

आता प्लगचा पाना घ्या. इंजिन गार आहे याची हाताने खात्री करा. पहिला अर्धा फेरा तेवढा जोर मागतो. पुढे प्लग बोटांनी निघतो, आणि तो बोटांनीच काढा, कारण आटे कसे आहेत ते बोटांना कळतं, पान्याला कळत नाही. प्लग उजेडात धरा. मधल्या चिनी मातीच्या भागाचा रंग कोणता आहे? तपकिरी असेल तर पेट्रोल, हवा आणि तेल यांचं नीट जमलेलं आहे. काळा आणि ओला असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त जातं आहे. पांढरट, भाजल्यासारखा असेल तर सावध व्हा: कुठून तरी फाजील हवा आत शिरते आहे किंवा पेट्रोल कमी पडतं आहे, आणि लांबच्या रस्त्यावर इंजिन सीज व्हायचा धोका आहे.

रंग दिसला की हात लगेच कार्बोरेटरच्या स्क्रूकडे धावतो. त्याला धावू देऊ नका. प्लग हातात धरून बसून राहा. या टोकावर गेल्या काही किलोमीटरांची खरी हकीगत लिहिलेली आहे. ती पुरती वाचल्याशिवाय बदल कशाचा करणार? आपल्याला उत्तराची घाई असते. घाईने फिरवलेला स्क्रू पहिलं दुखणं झाकतो आणि दुसरं उभं करतो, मग मूळ कुठे होतं ते कुणालाच सापडत नाही. म्हणून आत्ता फक्त प्लग साफ करा, तारेच्या बारीक ब्रशने. फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवा. पेट्रोलने धुवायचा असेल तर देवघरातला दिवा आणि चूल दोन्ही लांब असू द्या. रंगाची नोंद वहीत करा, तारीख घाला.

पुढचं काम माझ्या फार जवळचं आहे. डाव्या बाजूचं झाकण काढलं की मॅग्नेटचं चाक दिसतं आणि त्याच्या खिडकीतून आतले पॉईंट. गेजची पाती काढा. इथे फट लागते ०.३ ते ०.४ मिलिमीटर. चाक हाताने सावकाश फिरवा, पॉईंट पुरते उघडतील तिथे थांबा आणि पाती आत सरकवा. ती अडकता कामा नये आणि ढिली पडता कामा नये. दोन्ही बाजूंनी अगदी हलकी घासत जावी. असं घासणं बोटांना समजायला वेळ लागतो. डोळे मिटून करून पाहा, लवकर समजतं.

पॉईंट मिटलेले असतात तोवर प्रवाह त्यांच्यातून जातो. ते उघडले की प्रवाह तुटतो, आणि त्या तुटण्यातूनच प्लगपाशी ठिणगी उठते. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी. इंजिन मिनिटाला ७,५०० फेरे घेत असेल, आणि आरएक्सची पुरी ताकद तिथेच आहे, तर सेकंदाला १२५ ठिणग्या. एवढ्या वेगात पॉईंटची फायबरची टाच चाकाच्या उंचवट्यावर घासत राहते. ती झिजते, फट कमी होते, ठिणगी किंचित उशिरा येते. गाडी बंद पडत नाही. नुसती मंदावते, आणि तेही इतकं हळूहळू की रोज चालवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. म्हणून तर बसावं लागतं. अचानक मोडलेल्या वस्तूकडे सगळ्यांचं लक्ष जातं. रोज कणाकणाने मागे पडणाऱ्या वस्तूकडे मुद्दाम वेळ काढून बघावं लागतं.

मापावरून आठवलं: औंढा नागनाथजवळ लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा उभी राहते आहे. २०१६ साली तिला तत्त्वतः मान्यता मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. एकमेकींशी काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांच्या टोकांना आरसे, मधून धावणारा लेझर. प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान फरक ओळखण्याची तिची तयारी असणार आहे; कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली त्याची थरथर इथल्या माळावर मोजली जाईल. हे मला नुसतं ऐकूनही भरून येतं, कारण तो माळ आपला आहे. त्या यंत्राची बरीचशी मेहनत मोजण्याच्याही आधीची आहे: आरसे स्थिर ठेवायचे, रस्त्यावरच्या ट्रकचा हादरा, जमिनीची कुरकुर, सगळं त्यांच्यापासून दूर ठेवायचं. मग ऐकायचं. तुमच्या हातातली पाती त्या मोजणीच्या पासंगालाही पुरणार नाही. तरी क्रम तोच आहे. आधी आपण स्थिर, मग माप. मोटर थांबेपर्यंत बसा म्हटलं ते याचसाठी.

आता पाती बाजूला ठेवा. पाठ सरळ करा. हाताला तेलाचा वास येत असेल, तो घ्या.

तेलाचं थोडं मनन करू. फोर-स्ट्रोक गाडीत तेल खाली साठतं, फिरून वर येतं, काळं झालं की काढून टाकता येतं. इथे तसं नाही. इथे तेल पेट्रोलबरोबर आत जातं, क्रँकच्या बेअरिंगवर, पिस्टनच्या अंगावर एक पातळ थर धरतं आणि जळून जातं. परत येत नाही. आरएक्सला त्यासाठी वेगळा तेलपंप होता. अॅक्सिलरेटर जितका ओढाल तितकं तेल तो सोडायचा. पुष्कळ गाड्यांचे पंप पुढे काढून टाकले गेले आणि तेल टाकीतच मिसळायची रीत पडली. तुमच्या गाडीत काय आहे ते आज बघून घ्या. टाकीत मिसळत असाल तर अंदाजाने ओतू नका, मापाने ओता. आणि एक लक्षात ठेवा: लांब उतारावर अॅक्सिलरेटर पुरता मिटून गाडी गिअरवर सोडली की पेट्रोल अगदी थोडं जातं, त्याबरोबर तेलही थोडंच. अधूनमधून जरासा अॅक्सिलरेटर द्यावा.

त्या तेलाचा धूर होतो, हेही आज डोळ्यांआड करायचं नाही. टू-स्ट्रोकमध्ये आत आलेल्या ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर निसटतो. १९९६ साली प्रदूषणाचे नियम कडक झाले, त्याच साली या गाडीचा जन्म थांबला, आणि नियम योग्यच होता. आपल्या गल्लीत दम्याची आजी असेल, रांगणारं मूल असेल. जिच्यावर आपला जीव आहे ती गाडी त्यांच्या तोंडावर निळा लोट सोडत जाणार असेल तर तो जीव अपुरा आहे. सायलेन्सरच्या मागच्या टोकातली छिद्रांची नळी काढा. काजळीने तिची किती भोकं बुजली आहेत पाहा. खरवडून मोकळी करा, काजळी कागदात गुंडाळून टाका, नालीत नको. एअर फिल्टरही उघडा. मे महिन्यातली काळ्या रानाची धूळ, ऑक्टोबरमधला सोयाबीनचा भुसा, सगळं वर्ष तिथे साठलेलं सापडेल. साफ करून परत बसवा. क्लचच्या वायरीला दोन थेंब तेल, चेनला ताण. ही कामं हात आपोआप करतात, करू द्या.

मग सिलिंडरवर तळवा ठेवा. आज तो उघडायचा नाही, पण आत काय आहे ते मनात आणा. ५० मिलिमीटर व्यासाची नळी आणि तितकाच पिस्टनचा पल्ला. नळी झिजली की लेथवर बोअरिंग होतं, पाव मिलिमीटर मोठा पिस्टन बसतो. पुढे अर्धा, पाऊण, एक. प्रत्येक दुरुस्तीत थोडं लोखंड कायमचं जातं. ५१ च्या पुढे जागा जवळपास उरत नाही. मग नवी स्लीव्ह घालायची, नाहीतर दुसरा सिलिंडर शोधायचा. म्हणजे या गाडीला मोजकीच आयुष्यं आहेत, आणि आपण त्यांतल्या एकात तिच्याजवळ आलो आहोत. तुमच्या गाडीचं कितवं बोअरिंग चालू आहे? ठाऊक नसेल तर मिस्त्रींना विचारा. ठाऊक असेल तर त्या आकड्याजवळ थोडं थांबा. मन लगेच हिशेब मांडेल: अजून किती वर्षं, भाग मिळतील का, मुलं चालवतील का. हिशेब होऊ द्या, संपू द्या. तळव्याखालचं लोखंड तेव्हाही गारच असेल, आणि आज त्याला हवं आहे ते फक्त वेळेवर तेल आणि बरोबर ठिणगी.

मला जी गोष्ट या गाडीजवळ बसून पटली ती इतकीच, की जुन्या वस्तूची सेवा म्हणजे तिला तरुण करणं नव्हे. औंढ्याच्या मंदिराला प्रदक्षिणा घालताना हे उघड दिसतं. खाली हेमाडपंती काळ्या दगडाचं काम, हत्ती, देवता, माणसं, कित्येकांचे हात-नाक तुटलेले. वर नंतरच्या काळातलं वेगळ्याच घडणीचं शिखर. ज्यांनी वरचं बांधलं त्यांनी खालचं जसं होतं तसं ठेवलं, खोटं जुनं केलं नाही आणि पाडून नवंही केलं नाही. जोड कुठे आहे ते लहान मुलालाही दाखवता येतं. देव मात्र खाली गाभाऱ्यात आपल्या जागी आहे.

तर आज ठरवा की या गाडीवरचं काय तसंच राहू द्यायचं. टाकीवरचा पोचा? सीटची शिवण? एखादी गोष्ट निवडा आणि तिच्यावरून हात फिरवून तिला सोडून द्या. ब्रेक, टायर, दिवे यांच्यात मात्र अशी सूट नाही. तिथे दुसऱ्याचा जीव आहे.

हत्यारं पुसा. खंडेनवमीला पान्यांना, पकडीला हळदकुंकू वाहिलं होतं. एखाद्या पान्याच्या खाचेत ती हळद अजून असेल. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून उभी केली होती. पूजेत आपण जसे सावकाश हात चालवतो तसेच आज चालवले का, हे स्वतःला विचारा. उत्तर काहीही येवो, ते ऐका.

प्लग बोटांनी बसवा, शेवटचा ताण पान्याने. झाकण लावा. पेट्रोलचा कॉक उघडा, अर्धं मिनिट जाऊ द्या. आता उठा आणि किक मारा. पहिल्या दोन-तीन किकांत लागली नाही तर चिडू नका. चोक, पुन्हा किक. लागली की अॅक्सिलरेटर ओढू नका. तो टणक, सुटा सुटा आवाज गल्लीतल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे, तो जरा जमू द्या. आवाजात एखादा ठोका चुकतो का, ते कान देऊन ऐका. धूर कोणत्या रंगाचा आहे पाहा, आणि इंजिन तापल्यावर तो कमी होतो का, तेही पाहा. मग बंद करा आणि वहीत लिहा: प्लगचा रंग, पॉईंटची फट, काजळी काढली. त्याखाली पुढच्या खेपेचं: क्लचची वायर नवी आणणे, मागचे ब्रेक लायनर उघडून पाहणे, मिस्त्रींना बोअरिंगचं विचारणे.