तपासून घेणारा मित्र

पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटाचे एक संस्थापक गिरीश संत २ फेब्रुवारी २०१२ रोजी दिल्लीत अचानक गेले. वयाची पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती. मुंबईच्या आयआयटीत शिकलेला हा अभियंता उभी हयात विजेच्या हिशेबात रमला. ज्यांच्या बिलासाठी त्यांनी रात्रंदिवस डोके शिणवले, त्यांतल्या बहुतेकांना त्यांचे नाव तेव्हाही ठाऊक नव्हते, आजही नाही. धोरणाचा अभ्यास करणाऱ्याच्या वाट्याला हेच येते. त्याचे यश कुठल्यातरी आदेशाच्या परिच्छेदात मुरून जाते आणि त्यावर त्याची सही नसते. अशा माणसाची आठवण ठेवायची म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे.

१९९५ साल आठवा. एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा दाभोळचा वीजप्रकल्प हा तेव्हा महाराष्ट्रातला सर्वांत तापलेला विषय होता. एका बाजूला प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याच्या घोषणा, दुसऱ्या बाजूला परकी गुंतवणुकीचे गोडवे. या गदारोळात गिरीश संत आणि त्यांचे सहकारी शंतनू दीक्षित व सुबोध वागळे यांनी प्रकल्पाचा वीज खरेदी करार हाती घेतला आणि कलमागून कलम वाचून काढला. वीज लागो वा न लागो, वीज मंडळाने किती पैसे मोजायचे? रुपया घसरला तर बोजा कोणावर? मागणी अंदाजापेक्षा कमी निघाली तर? त्यांचे विश्लेषण त्याच वर्षी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आले. पुढे २००१ मध्ये वीज परवडेना म्हणून मंडळाने ती घेणे थांबवले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे निघाले. तोवर त्या कराराची झळ महाराष्ट्राला पुरेपूर लागली होती.

दुसरे उदाहरण याहून साधे आहे, म्हणूनच मला ते मोठे वाटते. शेतीच्या पंपांना मीटर नव्हते, आकारणी अश्वशक्तीवर व्हायची. मग पंपांनी वीज किती वापरली? तो आकडा अंदाजाने लिहिला जाई. बाकीच्या ग्राहकांची मोजलेली वीज आणि पंपांची ही अंदाजी वीज एकूण विजेतून वजा केली की उरते ती गळती. म्हणजे पंपांचा अंदाज जितका फुगवावा तितकी गळती कागदावर कमी दिसते. चोरी कुणाची, ढिसाळपणा कुणाचा, आणि नाव मात्र शेतकऱ्याचे! दीक्षित आणि संत यांनी १९९७ मध्ये हाच प्रश्न लेखातून मांडला : शेतीच्या वीजवापराचे हे आकडे कितपत विश्वासार्ह आहेत? १९९९ मध्ये राज्यात वीज नियामक आयोग आला. दरवाढीवर जनसुनावण्या सुरू झाल्या आणि तिथे ‘प्रयास’ने हा हिशेब लावून धरला. वर्षानुवर्षे १७-१८ टक्क्यांच्या आसपास सांगितली जाणारी गळती त्या छाननीत ३० टक्क्यांच्या पुढे गेली. ती एकाएकी वाढली नव्हती, इतकी वर्षे ती पंपांच्या खात्यात लपली होती.

यातली नैतिक बाजू मला महत्त्वाची वाटते. खोटा आकडा हा निरुपद्रवी नसतो. तो कुणावर तरी आळ घेतो आणि कुणाला तरी पाठीशी घालतो. मोर्चा काढणाऱ्याइतकेच धैर्य कधीकधी कोष्टकातली एक ओळ खोडून तिथे खरी ओळ लिहिणाऱ्याला लागते. फरक इतकाच की त्याच्यासाठी टाळ्या वाजत नाहीत.

पण हे काम एकट्याने होत नाही. वर सांगितलेल्या दोन्ही लेखांवर एकाहून अधिक नावे आहेत, ती उगाच नाहीत. अभ्यासातली मैत्री ही विशेष जातीची असते. तुमचा मसुदा हाती घेऊन मित्र आधी कौतुक करत नाही. तो थेट चौथ्या पानावरच्या आकड्यावर बोट ठेवतो आणि विचारतो, ‘हा कुठून आणलास?’ तुम्ही चिडता. मग मूळ कागद शोधता आणि कळते की वर्ष चुकीचे धरले होते, किंवा दोन तक्त्यांतली एकके वेगळी होती. लेख छापून येतो तेव्हा त्या प्रश्नाची खूण कुठेही राहत नाही, पण लेख उभा असतो तो त्या प्रश्नावरच. असा मित्र गेला की सहवास जातो, चहावरच्या गप्पा जातात, हे तर खरेच. त्याहून जास्त, आपल्याला अडवणारा माणूस जातो. आता चूक झाली तर ती थेट लोकांपर्यंत पोचेल, ही भीती मागे राहते.

मग आपण काय करतो? तसबिरीला हार घालतो, स्मृतिव्याख्यान ठेवतो, त्याची वाक्ये उद्धृत करतो. त्यात वावगे काही नाही. दुःखालाही रीत लागते. धोका पुढे आहे. हळूहळू गेलेल्या मित्राचे निष्कर्ष आपल्याला पवित्र वाटू लागतात. ‘त्यांनी म्हटले होते’ एवढ्यावर वाद मिटवला जातो. ज्याने आयुष्यभर अधिकारवाणीला पुरावा मागितला, त्याचीच आपण अधिकारवाणी करून टाकतो. हा त्याच्यावर अन्याय आहे.

निष्कर्ष पवित्र न मानता तपासत राहण्याचा एक थोर धडा पुण्यानेच घालून दिला आहे. १९७१ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दिवसाला २२५० उष्मांकांचा निकष धरून भारतातल्या दारिद्र्याचे मोजमाप मांडले. त्या निकषावर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी कठोर आक्षेप घेतला. माणसामाणसाची आणि दिवसादिवसाची गरज वेगळी असते, सरासरीच्या खाली असलेल्या सगळ्यांना कुपोषित कसे म्हणायचे, असा त्यांचा प्रश्न होता. दांडेकरांनी उत्तर दिले आणि वाद अनेक वर्षे चालला. पुढे २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने उष्मांकांचा आधारच बाजूला ठेवला. यात दांडेकर-रथ यांची मानहानी झाली असे कोण म्हणेल? त्यांचे काम इतक्या जणांनी गांभीर्याने खोडून पाहिले, हाच त्यांचा मान.

गिरीश संतांच्या काळातला विजेचा हिशेब आज बदलला आहे. सौरऊर्जा स्वस्त झाली. २०१७ पासून राज्यात शेतीच्या वाहिन्या सौरऊर्जेवर आणण्याची योजना चालू आहे. नव्वदच्या दशकातले आकडे आज जसेच्या तसे वापरता येणार नाहीत. त्यांची रीत मात्र तशीच वापरता येते : करार मुळातून वाचा, अंदाज आणि मोजमाप यांत गल्लत करू नका, बोजा शेवटी कुणाच्या खांद्यावर पडतो ते विचारा. तरुण संशोधकांसाठी त्यांच्या नावाने अभ्यासवृत्ती आहे, हे मला म्हणूनच योग्य स्मारक वाटते. तिथे पुतळा नाही, शिकणारी माणसे आहेत.

तुमच्याही कचेरीत, शाळेत, संस्थेत असा कुणी अकाली गेलेला सोबती असेल. त्याच्या कपाटातल्या फायली दोरी बांधून माळ्यावर टाकू नका. त्या उघडा, अर्धवट राहिलेला तक्ता पुरा करा, चूक सापडली तर निःसंकोच दुरुस्त करा आणि कामात नव्याने आलेल्या मुलाला तो तक्ता कसा वाचायचा ते शेजारी बसवून शिकवा. मग एके दिवशी तोच मुलगा तुमच्या आकड्यावर बोट ठेवून ‘हा कुठून आणलात?’ असे विचारील. त्याच्यावर रागावू नका. त्याला मूळ कागद काढून दाखवा.