उतरलेली तार

बिघाड दोन प्रकारचे असतात. एक कोणीतरी केलेला असतो. दुसरा कोणीही न करता झालेला असतो. पहिल्याचा न्याय करणे त्यामानाने सोपे, कारण तेथे कृती असते, वेळ असते, करणारा हात असतो. दुसऱ्याच्या बाबतीत बोट कोणाकडे दाखवावे हेच कळत नाही. कपाटावर वर्षानुवर्षे पडून राहिलेली गिटार हे या दुसऱ्या प्रकारच्या बिघाडाचे साधे, घरगुती उदाहरण आहे. तिला कोणी आपटले नाही, कोणी तिची तार तोडली नाही. ती केवळ वाजवली गेली नाही. तरीही खोळीतून बाहेर काढून तिच्या तारांवरून अंगठा फिरवला, की निघणारा आवाज ऐकवत नाही. हा दोष कोणाचा, आणि तो दूर करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न वरवर दिसतो त्याहून गंभीर आहे, असे आम्हांला वाटते.

पुणे-आळंदी रस्त्यावरचे दिघी हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झाले. एका अंगाला लष्कराच्या आणि संरक्षण-संशोधनाच्या आस्थापना, दुसऱ्या अंगाला भोसरीची औद्योगिक वसाहत. त्यामुळे येथे निवृत्त जवान, कारखान्यांतले कामगार आणि नोकरीनिमित्त दूरदूरहून आलेली कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. आपल्या समाजाची येथली घरेही अशीच; कोणी अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेले, कोणी वसईचे, कोणी गोव्याचे, कोणी केरळ-तामिळनाडूकडचे. अशा घरांत गिटार कशी येते आणि कशी मागे पडते, हे वाचकांना सांगायला नको. मुलगा दहावी झाला म्हणून किंवा मुलगी गायनवृंदात जाऊ लागली म्हणून ती हौसेने घेतली जाते. पुढे बारावीचे वर्ष येते, मग रात्रपाळी, मग लग्न, मग बदली. यात दुष्टावा कोठेच नाही. कोणीही एके दिवशी बसून ‘आजपासून ही वाजवायची नाही’ असे ठरवलेले नसते. नेमके म्हणूनच हे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. मिस्साविधीच्या आरंभी आपण जी पापकबुली देतो, तीत विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीने कर्तव्यात झालेली कसूरही मोजली जाते. न केलेल्या गोष्टीलाही वजन असते, हे आपण दर रविवारी मान्य करतो. त्या वजनाचा अनुभव मात्र क्वचितच घेतो.

गिटारीच्या बाबतीत ते वजन अगदी शब्दशः असते. पोलादी तारांच्या गिटारीवर, सहाही तारा सुरात असताना, सुमारे ७० किलोचा एकत्रित ताण असतो. तो ताण मानेच्या आणि ब्रिजच्या लाकडाने रात्रंदिवस पेललेला असतो. कोणी वाजवो वा न वाजवो. एप्रिलच्या कोरड्या हवेत लाकूड आकसते, जुलैच्या दमट हवेत फुगते. तारा ताणाखाली हळूहळू सैलावतात आणि गंजतात. एखादी तार केवळ अर्ध्या स्वराने उतरली, तर तिचा सुमारे ११ टक्के ताण गेलेला असतो. म्हणजे कपाटावर ठेवलेले वाद्य विश्रांती घेत असते, ही आपली समजूत चुकीची आहे. ते तेथेही ओझे वाहत असते. फक्त त्या ओझ्याची विचारपूस करणारे कोणी नसते.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना हे तत्त्व निराळ्या रूपात ठाऊक आहे. मोजमापाचे साधन, मग तो मायक्रोमीटर असो वा प्रेशर गेज, ठरावीक मुदतीने तपासून घ्यावे लागते. ‘साहेब, हा गेज तर कोणी वापरलाच नाही’ ही सबब तेथे सहसा चालत नाही. या नियमात कोणावर आरोप नसतो, पण सुटकाही नसते. नात्यांच्या आणि कर्तव्यांच्या बाबतीत मात्र आपण नेमकी हीच सबब पुढे करतो. भावाशी आपले भांडण नाही, फक्त बोलणे होत नाही. म्हाताऱ्या मावशीला आपण दुखावलेले नाही, फक्त चार वर्षांत तिच्याकडे जाणे झालेले नाही. ‘मी काय केले?’ या प्रश्नाचे ‘काहीच नाही’ हे उत्तर आपल्याला निर्दोषपणाचा दाखला वाटते. वास्तविक तेच आपल्या विरुद्धचे म्हणणे असते.

अशी गिटार पुन्हा हाती घेणाऱ्याने प्रथम खुंट्या पिळायला लागणे, हा सर्वांत मोठा धोका. गंजलेली तार पूर्वीच्या सुरापर्यंत नेताना बहुधा तुटते, आणि न तुटली तरी तिच्यातून स्वच्छ स्वर निघत नाही. जाणकार आधी वाद्य पाहतो. मान वाकली आहे का, ब्रिज लाकडापासून उचलला गेला आहे का, कोठे चीर गेली आहे का, हे तपासतो. मग जुन्या तारा एकेक करून काढतो, फ्रेटवरची धूळ पुसतो आणि नव्या तारा चढवतो. येथे निष्ठेची एक कसोटी लागते. काय जपायचे आणि काय टाकून द्यायचे? लाकूड जपायचे, तारा टाकायच्या. ज्याला जुन्या तारांचाही मोह सुटत नाही, त्याला वाद्यापेक्षा स्वतःच्या आठवणी प्रिय असतात. तुटलेल्या नात्यातही माणसे बहुधा येथेच अडतात. त्यांना संबंध पुन्हा हवा असतो, पण वीस वर्षांपूर्वीच्या बोलण्याचालण्यासह, त्याच जुन्या मानापानासह हवा असतो. हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे, की प्रत्येक वाद्य पुन्हा उभे राहत नाही. मान पिळवटली असेल, तर दुरुस्तीचा हट्ट म्हणजे प्रेम नव्हे. पण ‘आता काही उपयोग नाही’ हा निर्णय तपासणीनंतर घ्यायचा असतो. खोळ न उघडताच तो घेणे म्हणजे त्याच दुर्लक्षाला दिलेले एक भारदस्त नाव होय.

तारा चढल्या, की खरा प्रश्न पुढे येतो: सुरात म्हणजे कोणाच्या सुरात? शिकाऊ मुलांना एक सोपी रीत शिकवतात. सर्वांत जाड, सहाव्या तारेवर पाचव्या फ्रेटपाशी बोट ठेवावे आणि निघालेल्या स्वराशी मोकळी पाचवी तार जुळवावी. असेच पुढे जावे, फक्त तिसऱ्या तारेवर चौथ्या फ्रेटपाशी बोट ठेवावे. या रीतीने गिटार स्वतःशी जुळते. एकट्याने वाजवणाऱ्याला एवढे पुरते. आपल्या हिंदुस्थानी संगीतातही षड्ज ज्याचा त्याने आपल्या गळ्यानुसार निवडायचा असतो. मात्र एकदा निवडला, की तंबोऱ्याच्या चारही तारा त्याच्याशी इमान राखतात. परंतु चारजणांनी एकत्र वाजवायचे ठरवले, की प्रत्येकाची स्वतःशी असलेली सुसंगती अपुरी पडते. फ्रान्सने १८५९ साली कायद्याने आपल्या वादकांसाठी एका विशिष्ट स्वराची कंपने सेकंदाला ४३५ अशी ठरवून दिली. पुढे १९३९ साली लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने त्याच स्वरासाठी ४४० हा आकडा मान्य केला. ४४० मध्ये काही दैवी नाही. ४३५ नेही संगीत उत्तम होत होते. त्या आकड्याचे मोल एवढेच, की तो कोणा एकाचा नाही.

‘मी माझ्या विवेकाशी प्रामाणिक आहे’ हे वाक्य आपण अलीकडे वारंवार ऐकतो, आणि ते आदरणीयच आहे. पण विवेक हीदेखील लावावी लागणारी तार आहे. पाचव्या फ्रेटच्या रीतीत एक उणीव असते: पहिल्या जोडीत राहिलेला बारीकसा फरक दुसरीत उतरतो, दुसरीतला तिसरीत, आणि शेवटच्या तारेपर्यंत त्याची बेरीज झालेली असते. प्रत्येक पायरीवर वादकाला वाटत असते, की आपण बरोबर आहोत. म्हणून शहाणा वादक शेवटी पहिली आणि सहावी तार एकत्र छेडतो. दोघींचा स्वर एकच, अंतर दोन सप्तकांचे. त्या दोघी जुळल्या नाहीत, तर मधले सारे समाधान फोल. स्वतःच्या तर्कावर एकेक पायरी चढत गेलेल्या माणसानेही केव्हातरी आरंभाच्या तारेकडे, किंवा आपल्या बाहेरच्या एखाद्या स्वराकडे, परत येऊन पाहिले पाहिजे. हे परावलंबन नव्हे. ज्याला दुसऱ्याबरोबर गायचे आहे, त्याला हे चुकवता येत नाही.

सूर लावण्याच्या कामात घाई चालत नाही, याचेही कारण लाकडातच आहे. सहावी तार लावून झाली आणि आपण पहिलीपर्यंत पोहोचलो, की वाढलेल्या ताणाने मान किंचित झुकते आणि आधी लावलेल्या तारा पुन्हा उतरतात. म्हणून एक फेरा पुरत नाही; दुसरा, तिसरा घ्यावा लागतो. नव्या तारा तर पुढचे काही दिवस उतरतच राहतात. ज्याला हे ठाऊक नाही, तो दुसऱ्या दिवशी वाद्याला दोष देतो. ज्याला ठाऊक आहे, तो निमूटपणे पुन्हा खुंटी फिरवतो. दीर्घ अबोल्यानंतर भेटलेल्या दोन माणसांचेही असेच होते. पहिल्या भेटीत गहिवर येतो, दुसऱ्या भेटीत जुने शब्द निघतात, आणि ‘पाहा, काही बदलले नाही’ असे म्हणून दोघे आपापल्या घरी परततात. वस्तुतः बदल झालेला असतो. तार फक्त पुन्हा उतरलेली असते. पहिल्या भेटीने सारे जुळावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

ताणाविषयी बौद्ध परंपरेत सोण नावाच्या भिक्षूची कथा आहे. गृहस्थाश्रमात तो वीणा वाजवीत असे. अतिकठोर साधनेने तो निराश झाला, तेव्हा बुद्धांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण दिली: तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या, तर ती वाजेल काय? ही कथा आपण मध्यममार्गाचा दृष्टान्त म्हणून ऐकतो आणि पुष्कळदा ‘थोडे इकडे, थोडे तिकडे’ असा तिचा सोयीस्कर अर्थ लावतो. परंतु तारेचा योग्य ताण हा दोन टोकांमधला कोणताही आरामशीर बिंदू नसतो. तो एकच असतो, आणि ऐकूनच सापडतो. दोन तारा जवळजवळ जुळत आल्या, की त्यांच्या एकत्र आवाजात एक हेलकावा ऐकू येतो. कंपनांत सेकंदाला दोनचा फरक असेल, तर आवाज सेकंदाला दोनदा उठतो आणि बसतो. तारा जसजशा जवळ येतात, तसतसा हेलकावा मंदावतो आणि शेवटी थांबतो. तेथे थांबायचे. हे काम बळाचे नाही, कानाचे आहे.

तरीही संपूर्ण निर्दोष सूर गिटारीला कधीच लाभत नाही, आणि आमच्या मते या विषयाचा सर्वांत बोलका भाग हाच आहे. गिटारीचे फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग पाडून बसवलेले असतात. त्यामुळे कोणत्याही स्वरापासून गाणे सुरू करता येते, पण त्याची किंमत म्हणून जवळजवळ प्रत्येक स्वरांतर आपल्या शुद्ध जागेपासून थोडे ढळते. सा-प हे अंतर अगदी किंचित कमी पडते. सा-ग मात्र अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या भागाने मोठे होते, आणि तयार कानाला ते जाणवते. जुन्या पद्धतीत काही पट्ट्या मधुर आणि काही असह्य असत. येथे सर्वांनी थोडा थोडा दोष वाटून घेतला, म्हणून कोणीच असह्य राहिला नाही. शेजार, धर्मग्राम, कुटुंब यांचे चालते ते असेच. ज्याला आपला ‘ग’ अणुमात्रही हलू द्यायचा नाही, त्याने तंबोरा घेऊन एकट्याने बसावे. तेही थोर संगीत आहे. पण दहा गावांहून आलेल्यांना एका बाकावर बसून एक गीत गायचे असेल, तर प्रत्येकाने थोडे सोसलेच पाहिजे. मात्र सोसणे आणि बेपर्वाई यांत भेद आहे. वाटून घेतलेला दोष मोजलेला असतो. दुर्लक्षाने आलेला दोष कोणीच मोजलेला नसतो.

आणि मग शेवटचा प्रश्न: लावलेले वाद्य लावलेले राहावे कसे? दिघीच्या रस्त्यावरून दरवर्षी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्याकडे जाते, आणि प्रत्येक दिंडीत गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी असतो. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात तर वीणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत. एकाचा पहारा संपला, की तो ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, मध्यरात्रीसुद्धा. एवढा काळ जागे राहणे एका माणसाच्या शक्तीबाहेरचे. म्हणून ते वाटून घेतलेले आहे. आमच्या परंपरेतही गिटारीला असा सार्वजनिक मान मिळालेला आहे. १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातील ओबेर्नडोर्फच्या चर्चमध्ये ‘सायलेंट नाइट’ हे गीत प्रथम गायले गेले, ते फादर योजेफ मोर यांच्या गिटारीच्या साथीवर. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात ऑर्गनचा मान राखून अन्य वाद्यांनाही दार मोकळे केले, आणि त्यानंतर गिटार आपल्या वेदीजवळ आली.

कपाटावर पडून राहिलेल्या बहुतेक गिटारींची कहाणी पाहिली, तर त्या एकाच मालकाच्या होत्या असे आढळते. त्याला रात्रपाळी लागली, आणि वाद्य मुके झाले. दुर्लक्ष हा एका माणसाचा दोष म्हणून आपण मोजतो. पण ज्या घरात, ज्या वाडीत एका वस्तूचा किंवा एका म्हाताऱ्या जिवाचा सारा सांभाळ एकाच माणसावर सोपवलेला असतो, तेथे तो दोष बाकीच्यांनी आधीच पेरलेला असतो. म्हणून उतरलेली तार चढवणाऱ्याने, सूर लागल्यावर, ती गिटार आणखी एकाच्या हाती द्यावी. शेजारच्या मुलाला खुंटी कोणत्या बाजूला फिरवायची ते दाखवावे. पुढच्या पावसाळ्यात तारा पुन्हा उतरतील, यात शंका नाही; तेव्हा ते ऐकणारे कान एकापेक्षा अधिक असावेत.