रस्त्यावरचा चेहरा कोणाचा?

सिंदी मेघेच्या रस्त्यावर एखादा तरुण जुना, फिल्मचा कॅमेरा घेऊन चेहरे टिपू लागला, की आम्हांस जवळच्याच सेवाग्रामचे कनू गांधी आठवतात. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांतून त्यांनी रोलायफ्लेक्स घेतला. गांधीजींच्या अटी तीन: झगमगता दिवा लावावयाचा नाही, 'असे बसा' म्हणावयाचे नाही आणि आश्रमाचा पैसा मिळावयाचा नाही. यांतली दुसरी अट आजचे छायाचित्रकार मोठ्या आवडीने उचलतात. न सांगता टिपलेला चेहराच तेवढा खरा, असे त्यांचे म्हणणे. परंतु अट घालणाऱ्याने संमती आधीच दिली होती! रस्त्यावरच्या भाजीवालीने ती केव्हा दिली? रोलायफ्लेक्स पोटाशी धरून, मान खाली घालून काचेत पाहावयाचे असते. समोरच्यास आपले चित्र निघत आहे याचा पत्ताही लागत नाही. पुढे ते परक्या शहरातल्या भिंतीवर लागते. तिला मात्र कधीच दिसत नाही. विचारल्याने चेहरा सावरतो, हे आम्हांस मान्य आहे. पण सावरलेला चेहरा तिचा नव्हे काय? रिळात बाराच चित्रे मावतात. त्यांतले एखादे नकारापायी हुकले तर हुकू द्यावे. होकार मिळाला, तर फिल्म धुऊन झाल्यावर एक प्रत तिच्या हाती पोचवावी.