दोन नमुन्यांच्या मध्ये

डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग शिकणारा विद्यार्थी बहुधा पहिल्यांदा अडखळतो तो सॅम्पलिंगपाशी. अखंड आवाजाचे ठरावीक अंतराने नमुने घ्यायचे, मधले सगळे सोडून द्यायचे, आणि तरी मूळ आवाज जसाच्या तसा परत मिळतो म्हणायचे! शंका बावळट नाही. क्षणाक्षणांच्या मध्ये काय असते, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. क्षणभंगवादी बौद्धांच्या मते वस्तू क्षणापुरतीच असते. दिव्याची एक भासणारी ज्योत म्हणजे ज्योतींची मालिका. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात हरकत घेतली, की काल पाहणारा आणि आज आठवणारा एकच नसेल तर स्मृतीच संभवत नाही.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात क्षणांची तशीच मालिका पडद्यावर उमटली. दादासाहेब फाळक्यांनी दादरला चित्रित केलेला ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणजे स्थिर चित्रांची रांगच. राजा चालत होता तो प्रेक्षकांच्या डोळ्यांत. इथे बौद्धांची सरशी वाटते. पण १९४९ साली क्लॉड शॅननने मांडलेला सिद्धांत वेगळे सांगतो. सिग्नलमधली सर्वांत मोठी वारंवारता नमुन्यांच्या दराच्या निम्म्याहून कमी असेल, तर त्या नमुन्यांतून जाणारी तशी लहर एकच असते. मधला भाग अंदाजाने भरत नाहीत, तो ठरलेलाच असतो. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात ते यासाठीच. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्‌झपुढे ऐकत नाही.

अट मोडली की फसगत होते. सेकंदाला २४ चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यापुढे एकच खूण केलेले चाक सेकंदाला २३ फेऱ्या घेऊ लागले, तर पडद्यावर ते उलटे, सेकंदाला एकच फेरी घेताना दिसते. हेच एलियसिंग. पुस्तके याला तांत्रिक दोष म्हणून उरकतात, पण खरी मेख पुढे आहे. चाक भरभर सुलटे फिरत होते की सावकाश उलटे, हे नुसत्या चित्रांवरून कोणालाच सांगता येत नाही. म्हणून मर्यादेपुढच्या वारंवारता गाळणारा फिल्टर नमुने घेण्याआधी लावावा लागतो. मागाहून लावून काही साधत नाही.

अखंडता नमुन्यांतून सिद्ध होत नाही, ती आधीच गृहीत धरलेली असते. त्यामुळे शॅननला वेदान्ताचा साक्षीदार करण्याचा मोह फोल आहे. बौद्धांच्या बाजूनेही त्याची साक्ष निघत नाही. शिवाय जो आवाज कधी तरी सुरू होऊन कधी तरी संपतो, त्याच्या वारंवारतेला गणिताने काटेकोर मर्यादा असूच शकत नाही. लालबागच्या मिरवणुकीतल्या ढोलाचा एक ठोका घेतला, तरी शॅननची अट जवळपासच पाळली जाते, पुरती कधीच नाही.