कासवापुढे आवरते घेणे

मराठी मुलखातल्या पुष्कळ देवळांत गाभाऱ्याआधी सभामंडपाच्या फरशीत कोरलेले दगडी कासव लागते. आधी त्याला नमस्कार, मग देवाला. हा क्रम का, ते गीतेच्या दुसऱ्या अध्यायावरून कळते. कासव आपले अवयव आत ओढून घेते, तशी इंद्रिये आवरणाऱ्याची बुद्धी स्थिर, असे तिथे सांगितले आहे. देव पाहायला निघालेल्याला पाहण्याची हाव उंबऱ्याबाहेर ठेवायला लावणारी ही खूण आहे. दिल्ली-नोएडाहून हजाराहून अधिक किलोमीटर तुडवून रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला समुद्री कासवांची पिल्ले पाहायला जाणाऱ्याने हीच खूण मनाशी धरावी. हा प्रवास सहल की तीर्थयात्रा? मी त्याला यात्रा म्हणेन, पण जाणारा काही न दिसताही समाधानाने परतायला तयार असेल तरच.

वेळास हे मंडणगड तालुक्यातले, बाणकोटजवळचे गाव, नाना फडणविसांचे. किनाऱ्यावरची घरटी उकरून अंडी खाण्या-विकण्याची इथे चाल होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना हाताशी धरून ती थांबवली आणि पुढे कासव महोत्सव सुरू झाला. ऑलिव्ह रिडले या जातीच्या समुद्री कासवाची मादी एका खेपेला शंभरेक अंडी घालते. ही अंडी कुंपणातल्या वाळूत पुन्हा पुरतात आणि पिल्ले निघायच्या सुमारास वर टोपली पालथी ठेवतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलली जाते. कधी खाली वळवळणारी काळसर पिल्ले असतात, कधी नुसती वाळू. पिल्ले समुद्राकडे जातात ती उजेडाच्या रोखाने, म्हणून मागून पडलेला एक विजेरीचा झोतसुद्धा त्यांची दिशा चुकवतो. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की समुद्री कासवाला डोके आणि वल्ह्यांसारखे पाय कवचात ओढून घेताच येत नाहीत. गीतेतल्या कासवाची विद्या या जिवापाशी नाही. तेव्हा आवरून घ्यायचे ते आपण: विजेरी, मोबाईल, हात, आवाज. देवळात सोवळे पाळतात तसे हे पाळले, तर तिथे घडते ते दर्शन.

यावर कोणी म्हणेल, राहण्या-जेवणाचे पैसे मोजून केलेली यात्रा कसली? पण पंढरीच्या वारीतही दुकाने लागतात आणि त्याने वारकऱ्याची भक्ती उणी होत नाही. वेळासला तर पाहुण्यांकडून घरोघरी आलेल्या पैशानेच अंडी जमिनीत राहण्यात गावाचे हित गुंतवले. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: संयमच हवा, तर जाऊच नये. गर्दी वाढली की किनाऱ्यावर दिवे आणि बांधकामे येतात, हे खरेच आहे, म्हणून माणसांच्या संख्येला मर्यादा हवी आणि ती आपली पाळी हुकली तरी मान्य हवी. पण कोणीच पाहायला गेले नाही, तेव्हा ती अंडी सुरक्षित नव्हती.

दिल्लीकराला मात्र याहून अवघड प्रश्न विचारता येतो. कासव हे यमुनेचे वाहन. जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात अहिच्छत्राहून आणलेली गुप्तकाळातली, माणसाच्या उंचीची भाजक्या मातीची यमुना आहे आणि तिच्या पायांखाली कासव आहे. तिथून काही किलोमीटरवर खरी यमुना वाहते. वजीराबाद ते ओखला हा जेमतेम २२ किलोमीटरचा पट्टा शहराच्या सांडपाण्याने काळा पडलेला, आणि कालिंदी कुंजापाशी पांढरा फेस. दारातल्या देवतेकडे पाठ फिरवून दूरच्या किनाऱ्यावर भाविक होणे म्हणजे ढोंग, हा आरोप मी खोडून काढणार नाही. एवढेच म्हणेन, की यात्रा परतल्यावरही चालू राहते. वेळासच्या लोकांनी आपल्याच दारची वाळू राखली. तिथे जाऊन आलात, तर एका सकाळी कालिंदी कुंजच्या घाटावर जा आणि त्या फेसाकडे तितकाच वेळ पाहत उभे राहा.