दोन दिवसांचा पाहुणा

एखाद्या स्थळावर प्रेम करणें हें त्या स्थळाच्या हिताचेंच असतें, असें आपण सहसा गृहीत धरतों. पोर्तुगालमधील दोन दिवसांच्या एका सहलींत या समजुतीविषयीं माझ्या मनांत जी शंका उत्पन्न झाली, ती वाचकांपुढें मांडावयाची आहे.

लिस्बनच्या पश्चिमेस, सिंत्राच्या डोंगरापलीकडे, अटलांटिक महासागराला भिडलेला कोलारेस नांवाचा लहानसा द्राक्षप्रदेश आहे. तेथील मळे प्रथमदर्शनीं अगदींच दीन भासतात. मांडव नाहीं, डौल नाहीं. वेली वाळूवर सरपटत पसरलेल्या, आणि खाऱ्या वाऱ्यापासून त्यांना राखण्यासाठीं वाळलेल्या बोरूचे कूड. परंतु या दैन्यामागें मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फायलोक्सेरा हा अमेरिकेंतून आलेला सूक्ष्म कीटक वेलींच्या मुळांना लागला व युरोपांतील असंख्य मळे उजाड झाले. अखेरीस अमेरिकन वेलींच्या मुळांवर युरोपीय वेलींचीं कलमें बांधूनच ते पुन्हा उभे करावे लागले. कोलारेसच्या वाळूंत मात्र त्या कीटकाचा निभाव लागेना; म्हणून रामिश्को ही काळ्या द्राक्षांची जात तेथें अद्याप स्वतःच्या मुळांवर उभी आहे.

वाळूचें हें अभय फुकट मिळालें नव्हतें. वेल लावण्यासाठीं वाळू उपसून खालच्या चिकणमातीपर्यंत खणावें लागे. खणणारा मजूर डोक्यावर टोपली घालून चरांत उतरे. कड ढांसळलीच, तर निदान श्वासापुरती हवा राहावी हा हेतु, असें सांगतात. १९०८ सालीं या प्रदेशाची सीमा कायद्यानें आंखण्यांत आली आणि १९३१ सालीं उत्पादकांची सहकारी संस्था निघाली.

पण जें कीटकाला साधलें नाहीं, तें पुढें रसिकांना साधलें. राजधानींतील सुखवस्तु कुटुंबांना ही हवा आवडली, हा समुद्र आवडला. बंगले उठले, मळ्यापेक्षां घराच्या जागेला अधिक भाव आला आणि द्राक्षांची भूमि आक्रसत गेली. ज्यांनीं ती व्यापिली, ते तिचे वैरी नव्हते, चाहते होते.

एका कुडापाशीं काम करणारा वृद्ध शेतकरी भेटला. माझ्या स्नेह्याच्या मध्यस्थीनें मीं त्याला कळकळीनें म्हटलें, “आजोबा, हा मळा कधीं विकूं नका.” त्यानें विचारलें, “आपण परत केव्हां जाणार?” मीं म्हटलें, “उद्यां.” तो नुसता हंसला व पुन्हा कामाला लागला.

त्या हंसण्यानें मी खजील झालों. त्याची पाठ वांकावी व माझे डोळे निवावे, हीच ना माझी मागणी? मळा राखावा कीं विकावा, हें ठरविण्याचा अधिकार ज्याची पाठ दुखते त्याचा. मग बंगलेवाल्यांना तरी कोणत्या तोंडानें दोष द्यावा? त्यांनीं आवडलेली वस्तु स्वतःची केली. मीं ती दुसऱ्यानें माझ्यासाठीं सांभाळावी असें म्हटलें. त्यांनीं निदान पैसे मोजले होते. त्याच दिवशीं सकाळीं तेथील द्राक्षासवाची एक बाटली स्नेह्यासाठीं हातांत घेऊन, महाग म्हणून मीं परत ठेवली होती!

मद्याच्या गुणदोषांचा प्रश्न येथें नाहीं. प्रश्न एवढाच कीं, सौंदर्य पाहणारा त्याचा ऋणी होतो कीं नाहीं? मला वाटतें, होतो; आणि हें ऋण उपदेशानें फिटत नाहीं. मागितलेली किंमत घासाघीस न करतां द्यावी, मालकीचा मोह आवरावा, आणि ज्याचे कष्ट आपल्याला वांटून घेतां येत नाहींत त्याला कर्तव्य शिकवूं नये, एवढेंच पाहुण्याच्या हातीं आहे. त्यानें मळा वांचेलच असें नाहीं. एका बाटलीची किंमत बंगल्याच्या जागेच्या भावापुढें ती किती?

तरीही संध्याकाळीं मी त्या दुकानीं परत गेलों आणि बाटली घेतली.