सिंहासन मिळाले, पुढे काय?



महत्त्वाकांक्षा बाळगणे वाईट आहे का? मुलाचा पहिला नंबर यावा, धंदा वाढावा, गावाने मान द्यावा असे वाटण्यात गैर काहीच नाही. मग हीच इच्छा माणसाला पोखरू लागते ती केव्हा?

शेक्सपिअरने १६०६ च्या सुमारास लिहिलेली 'मॅकबेथ' ही शोकांतिका याच प्रश्नाभोवती फिरते. वि. वा. शिरवाडकरांनी तिच्यावरून 'राजमुकुट' हे नाटक लिहिले. मॅकबेथ हा स्कॉटलंडचा शूर सरदार. तू राजा होशील, असे भाकीत तीन चेटकिणी त्याला सांगतात. राजा डंकन त्याचा नातलग आणि त्या रात्री त्याच्याच घरचा पाहुणा. आपण करतो ते पातक आहे हे मॅकबेथला पुरते कळते. तो मागेही फिरतो. पण पत्नी त्याच्या पुरुषार्थाला डिवचते आणि तो झोपलेल्या राजाचा खून करतो. शेजारच्या खोलीतले दोघे झोपेतून दचकून प्रार्थना करतात, तेव्हा याच्या तोंडून 'आमेन' एवढा शब्दही फुटत नाही.

मॅकबेथचा पराभव होतो पाचव्या अंकात. आतून तो रिता होतो त्याच्या कितीतरी आधी, सिंहासनावर असतानाच. तिसऱ्या अंकात तो सरदारांना मेजवानी देतो. मित्र बँको याला त्याने नुकतेच मारेकरी घालून संपवलेले असते. राजा बसायला जातो, तर आसनावर बँकोचे भूत! मेजवानी उधळते, पाहुणे निघून जातात. पुढे मॅकडफच्या निरपराध बायकामुलांचाही बळी जातो. अखेर स्वतःच्या पत्नीच्या मृत्यूची वार्ता येते, तेव्हा तिच्यासाठी धड रडणेही त्याला जमत नाही. सारे जीवनच त्याला निरर्थक वाटते.

असे का व्हावे? मुकुटाला मोल येते ते लोकांच्या प्रेमामुळे, मित्रांच्या सोबतीमुळे, शांत झोपेमुळे. मॅकबेथने मुकुट विकत घेताना नेमके हेच मोजून दिले. मग हाती उरले ते नुसते सोने.

म्हणून मोठी स्वप्ने जरूर पाहावीत. पण पाऊल उचलण्यापूर्वी स्वतःला विचारावे, मी तेथे पोहोचेन तेव्हा माझ्या पंगतीला कोण असेल? भावाचा हिस्सा लाटून घर बांधता येते. त्या घरात जेवायला बोलवायचे कोणाला?